नाशिकच्या वहीतली प्रत

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. आमचं घर गावभागात, तळमजल्यावर. आई आणि अण्णा दोन दिवस आधीच विश्रामबागेत मावशीकडे गेले होते. निघताना अण्णांनी औषधांचा डबा, पासबुकं आणि घराचे कागद घेतले, आणि संगणक टेबलावरून उचलून लोखंडी कपाटावर ठेवला. २००५ च्या पुरात घरात कमरेएवढं पाणी आलं होतं. त्या मापाने कपाटाची उंची भरपूर होती. बॅकअपची हार्ड डिस्क टेबलाच्या खणातच राहिली. ती अण्णांना आठवली नाही, आणि पुण्याहून तासातासाला फोन करणाऱ्या मलाही आठवली नाही.

पाणी ओसरल्यावर आत गेलो तेव्हा भिंतीवरची रेघ पंख्याच्या पात्यांजवळ होती. कपाट आडवं पडलेलं. खणात गाळ, गाळात डिस्क. आम्ही ती स्वच्छ पाण्याने धुतली, मावशीच्या गच्चीवर तीन दिवस उन्हात वाळवली आणि लावून पाहिली. एकदा कर्रर्र आवाज आला, मग तोही थांबला. नंतर कळलं की नेमकं हेच करायचं नसतं. हार्ड डिस्कला हवेसाठी एक बारीक छिद्र असतं, तिथून पाणी आत शिरतं. तबकड्यांवर गाळ सुकलेला असताना ती फिरवली की लिहिलेलं खरवडून निघतं. भिजलेली डिस्क चालू न करता, वाळू न देता जाणकाराच्या हाती द्यायची असते. हे इथे मुद्दाम लिहून ठेवते आहे. नदीकाठच्या कुणाच्या तरी घरी ते कामाला येईल.

त्या संगणकात अण्णांचा कुलवृत्तांत होता.

अण्णा पाटबंधारे खात्यात होते. रोजच्या रोज आकडे टिपून ठेवण्यात नोकरी गेली, आणि निवृत्तीनंतर तोच हात घराण्याच्या नोंदींकडे वळला. कुलवृत्तांत मुळात त्यांनी सुरू केलेला नव्हता. त्यांच्या एका चुलत चुलत्यांनी तो हाती घेतला होता, २००४ साली एक लहानसं पुस्तक छापलं होतं, आणि पुढे डोळ्यांनी साथ सोडल्यावर सगळे कागद एका पिशवीत घालून अण्णांच्या स्वाधीन केले होते. तेव्हापासून शाखावार फोल्डर, माणसामागे एक कागद, जुने फोटो स्कॅन केलेले, आणि म्हाताऱ्या माणसांशी तासन्‌तास केलेल्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण असा पसारा वाढत गेला होता.

२०१८ च्या दिवाळीत मी सांगलीला गेले होते, तेव्हा एका शाखेचं टिपण छापून द्यायचं म्हणून सगळं फोल्डरच माझ्या लॅपटॉपवर घेतलं होतं. बॅकअप हा हेतू नव्हता. पण दिवाळी २०१८ पर्यंतचं सगळं त्यामुळे वाचलं. त्यानंतरचे नऊ महिने गेले. त्या नऊ महिन्यांत अण्णांनी मोठ्या आत्याशी चार बैठका करून तिच्या माहेरपणाच्या आठवणी मुद्रित केल्या होत्या. पुरानंतर ते पुन्हा तिच्याकडे गेले, पुन्हा मुद्रण केलं. आत्याने पुन्हा सगळं सांगितलं, न कंटाळता. पण वेगळं सांगितलं. पहिल्या वेळी विहिरीवरून झालेल्या भांडणाची जी हकीकत होती, ती दुसऱ्या वेळी तिने टाळलीच. अण्णांनी विचारलं तर म्हणाली, "असू दे रे, आता कशाला ते." पहिलं मुद्रण आता कुठेच नाही. त्या एका गोष्टीचं मला आजही वाईट वाटतं, घरातल्या भिजलेल्या सामानापेक्षा कितीतरी जास्त.

पुढच्या जानेवारीत आम्ही दोघं नाशिकला गेलो. आमच्या घराण्याच्या तीर्थोपाध्यायांकडे. तिथल्या वह्या पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी सांगते: तुम्ही मूळ गाव आणि आडनाव सांगायचं. उपाध्याय क्षणभर आठवतात, आत जातात आणि बासनात बांधलेली लांबट वही घेऊन येतात. त्यात तुमच्या घरातून आजवर यात्रेला आलेल्या माणसांनी लिहून दिलेली नावं असतात. वडील, आजोबा, भाऊ, मुलगे. आमच्या खापरपणजोबांची मोडीतली सही त्या वहीत आहे. अण्णांनी तिच्यावर हात ठेवला नाही, फक्त जवळून पाहत राहिले. मग उपाध्यायांनी विचारलं, "मागच्या लेखानंतर नवीन कोण? गेलं कोण?" तेवढंच विचारलं. मागचं सगळं पुन्हा लिहून घेतलं नाही. अण्णांनी सांगितलं, त्यांनी टिपलं, खाली अण्णांची सही घेतली. बाहेर घाटावर आल्यावर अण्णा म्हणाले, "अगं, सांगलीत काय वाटेल ते होवो, गोदावरीकाठी आपलं एक प्रत आहेच की." 'प्रत' त्यांच्या तोंडी नपुंसकलिंगी येते, ती तशीच ठेवली आहे.

त्या वहीने माझं बॅकअपचं सॉफ्टवेअर निवडलं, असं म्हटलं तर त्यात काही वाढवून सांगितल्यासारखं होणार नाही. प्रत दुसऱ्या गावात आहे. दर वेळी फक्त बदल टिपला जातो. जुनं खोडलं जात नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, लिहिणारा उपाध्याय राहिला नाही तरी त्याच्या नातवाला वही उघडून वाचता येते.

मी पुण्यात एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. आमची पुस्तकांची देवघेव 'कोहा' या सॉफ्टवेअरवर चालते. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ भागातल्या ग्रंथालयांसाठी १९९९ मध्ये ते लिहायला घेतलं गेलं आणि पुढे सगळ्यांसाठी खुलं केलं गेलं. त्यामुळे मुक्त सॉफ्टवेअर हा शब्द मला नवा नव्हता. तरी घरच्या बॅकअपसाठी मी आधी हात घातला तो एका नावाजलेल्या, मोफत मिळणाऱ्या पण मुक्त नसलेल्या प्रोग्रामला. दिसायला देखणा, चालायला सोपा. माझ्या पुण्याच्या लॅपटॉपचा सगळा बॅकअप तो एका मोठ्या फाइलमध्ये बांधून ठेवायचा. ती फाइल त्याच्याशिवाय दुसरं कुणी उघडू शकत नसे. काही काळाने कंपनीने मोफत आवृत्ती बंद केली. माझ्या प्रती जागच्या जागी होत्या, पण उद्या नव्या संगणकावर हा प्रोग्राम चढला नाही तर काय, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला, तेव्हापासून इंग्रजी बोलणाऱ्यांना सारखं समजावावं लागतं की 'फ्री' म्हणजे फुकट नव्हे. आपल्याकडे हे शब्द जन्मापासून वेगळे आहेत. फुकट ते फुकट, मुक्त ते मुक्त. वापरायला, आत कसं चालतं ते पाहायला, बदलायला आणि पुढे वाटायला ज्याची मोकळीक आहे ते मुक्त. बॅकअपच्या बाबतीत ही मोकळीक तात्त्विक राहत नाही. प्रत वीस वर्षांनी उघडायची असेल तर उघडण्याची रीतही वीस वर्षं जगली पाहिजे, आणि ती कुणा एकाच्या मर्जीवर असून चालत नाही. बोर्ग नावाचं बॅकअपचं सॉफ्टवेअर कसं आलं ते वाचून मला हे नीट कळलं. आधी 'ॲटिक' नावाचा प्रकल्प होता. त्याची चाल मंदावली, तेव्हा २०१५ मध्ये त्यातल्याच काही जणांनी ते घेऊन बोर्ग या नावाने पुढे चालवलं. लिनक्स या, विंडोजच्या जागी चालणाऱ्या मुक्त यंत्रणेवरच्या टाइमशिफ्ट या प्रोग्रामचंही तसंच झालं. मूळ लेखकाकडून ते २०२२ मध्ये लिनक्स मिंटच्या, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकारच्या, मंडळींनी सांभाळायला घेतलं. चुलत चुलत्यांनी पिशवी अण्णांच्या हाती दिली तसंच. पिशवीला कुलूप असतं आणि किल्ली फक्त त्यांच्यापाशी असती, तर अण्णांनी काय केलं असतं?

टाइमशिफ्टचं नाव निघालंच आहे तर एक सांगून टाकते, कारण यात बरेच जण फसतात. अण्णांच्या नव्या संगणकावर मी लिनक्स मिंट घातलं. तिथे पहिल्याच दिवशी टाइमशिफ्ट लावायला सुचवलं जातं, आणि माणसाला वाटतं की झालं, बॅकअपची चिंता मिटली. टाइमशिफ्ट यंत्रणेची प्रत ठेवतं. एखादं अपडेट बिघडलं तर मागे नेतं. तुमची कागदपत्रं, फोटो, मुद्रणं ते आपणहून ठेवत नाही. ते त्याचं काम नाही. क्लोनझिलाचंही काम वेगळं आहे. तैवानच्या राष्ट्रीय महासंगणन केंद्रात ते तयार झालं, आणि ते अख्ख्या डिस्कचीच प्रतिमा घेतं. संगणक सजवून झाल्यावर मी एकदा तशी प्रतिमा घेऊन ठेवली. करड्या-निळ्या पडद्यावर कोणती डिस्क मूळ आणि कोणती लक्ष्य हे निवडताना श्वास रोखून धरला होता. तिथे उलटसुलट झालं तर मूळच पुसलं जातं. रोजच्या कामाला ते नाही.

नेहमीच्या बॅकअपसाठी मी सुरुवातीला साधा आरसा केला. अण्णांचं फोल्डर जसं आहे तसं डिस्कवर उतरायचं, दर रविवारी. २०२० चा लॉकडाऊन, मी पुण्यात अडकलेली, सगळं फोनवरून समजावून चाललेलं. मे महिन्यात कधीतरी अण्णांच्या हातून एका शाखेचं अख्खं फोल्डर पुसलं गेलं. त्यांच्या लक्षात आलं नाही. रविवारी आरशाने इमानेइतबारे तिकडूनही ते काढून टाकलं. तीन आठवड्यांनी अण्णांचा फोन आला, आवाज खाली गेलेला. "मी पुसलं असणार गं. माझ्याच हातून." मी त्यांना म्हटलं, "अण्णा, हात सगळ्यांचा चुकतो. मी जुनं धरून ठेवायची सोय केली नव्हती." आरसा म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी त्या दिवशी शिकले. दोन यंत्रांवरची फोल्डरं एकसारखी ठेवणाऱ्या सिंकच्या प्रोग्रामांनाही हेच लागू. सिंकथिंग हे त्यातलं उत्तम मुक्त सॉफ्टवेअर आहे, मी रोज वापरते, पण चूकही ते तितक्याच तत्परतेने पोचवतं. जुन्या आवृत्त्या राखायची सोय त्यात आहे खरी, ती आपण होऊन लावावी लागते.

शेवटी सांगलीच्या डिस्कसाठी 'बॅक इन टाइम' घेतलं. ते आतून आरसिंक वापरतं. आरसिंक अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये आणलं; कोणती फाइल बदलली ते पाहायचं आणि तेवढीच पोचवायची. नवीन कोण, गेलं कोण. बॅक इन टाइम प्रत्येक वेळी तारीख-वेळेच्या नावाचं एक फोल्डर करतं आणि त्यात त्या दिवशीचं सगळं जसंच्या तसं दिसतं. कसली बांधाबांध नाही, आपला खास साचा नाही. उद्या बॅक इन टाइम जगातून नाहीसं झालं तरी फोल्डर उघडून फाइल बाहेर ओढता येते. माझ्यासाठी निवड इथेच झाली.

मग अण्णांचा प्रश्न. "रोज सगळं दिसतं म्हणतेस, तर डिस्क चार दिवसांत भरेल की." त्यांना हार्ड लिंक समजावायची होती. फोनवर. मी म्हटलं, "अण्णा, मोठ्या आत्याचं नाव आपल्या वंशावळीत आहे ना? आणि सासरच्यांच्या कुलवृत्तांतातही आहे, दुसऱ्या नावाने. बाई दोन आहेत का?" "एकच." "इथून नाव खोडलं तर?" "तिकडे राहील. बाई कुठे जात नाही." "तसंच. फाइल एकच, नावं दहा तारखांच्या दहा फोल्डरांत. शेवटचं नाव खोडलं जाईपर्यंत फाइल राहते." अण्णा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "पण मग बाईलाच काही झालं तर दोन्हीकडची नावं नुसती नावंच."

हे मी त्यांना सांगणार होते, ते त्यांनीच मला सांगितलं. न बदललेली फाइल डिस्कवर एकदाच असते. डिस्कचा तेवढा भाग खराब झाला तर दहाही तारखांतली ती फाइल गेली. दहा तारखा म्हणजे दहा प्रती नव्हेत. म्हणून दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर हवी, आणि सांगलीच्या अनुभवाने, वेगळ्या गावात. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला तीन-दोन-एकचा नियम हेच सांगतो: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर.

पण त्याआधी नावांची गोष्ट, कारण त्या नावांनी माझे दोन शनिवार घेतले आणि मराठी माणसाखेरीज हे कुणी सांगणार नाही. माझ्या लॅपटॉपवरचं विंडोजमधलं फोल्डर अण्णांच्या लिनक्सवर उतरवताना काही फाइली अडल्या. नाव फार लांब आहे म्हणे. अण्णा फाइलींना नावं देतात ती अशी: 'वाड्याच्या ओसरीवर दाजीकाकांच्या मुंजीत काढलेला फोटो उजवीकडून तिसऱ्या आत्या मागे उभे असलेले काका कऱ्हाडचे की मिरजेचे हे विचारायचे आहे'. विंडोजची मर्यादा २५५ चिन्हांची. लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी४ फाइल पद्धतीची मर्यादाही २५५, पण ती बाइटांची, म्हणजे संगणकातल्या साठवणीच्या एककांची. रोमन अक्षर एका बाइटचं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडणं, सगळी वेगळी चिन्हं. म्हणजे देवनागरीत जेमतेम ८५ चिन्हं. इंग्रजीत नाव देणाऱ्याला २५५ अक्षरांची जागा आणि आपल्याला एक-तृतीयांश. हे मला अन्यायाचं वाटलं, अजूनही वाटतं. कुणी ठरवून केलेलं नाही हे माहीत असूनही.

अण्णा नावं कापायला तयार होईनात. "नाव म्हणजेच तर माहिती आहे," म्हणाले, आणि ते खरंच होतं. तोड अशी काढली की फाइलचं नाव आखूड, आणि शेजारी त्याच आखूड नावाची एक मजकुराची फाइल, तिच्यात पूर्ण नाव. एकंदर ६१ फाइली. एकेक नाव फोनवर वाचून, विचारून.

फॉन्टचंही असंच. २००४ चं पुस्तक डीटीपीवाल्याने पेजमेकर या पानं जुळवायच्या प्रोग्राममध्ये, जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये जुळवलं होतं. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, पण आत साठवलेलं असतं ते कुठलंसं रोमन चिन्ह. फॉन्ट नसला की मराठी मजकुराच्या जागी खुणांचा कचरा दिसतो. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. बॅकअपचं सॉफ्टवेअर कितीही चांगलं असो, ते बाइट सांभाळेल. अक्षरं सांभाळणं आपल्यावर आहे. आम्ही फॉन्टच्या फाइलीही फोल्डरमध्ये ठेवल्या, डीटीपीवाल्याकडून पीडीएफ करून घेतल्या, आणि मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरांत, आणला. युनिकोडात आणताना रफार आणि जोडाक्षरं ठिकठिकाणी बिघडली होती. ती दुरुस्त करायला आई बसली. रोज दुपारी दोन पानं. ज्यांच्या घरात १९९० आणि २००० च्या दशकातला मराठी मजकूर पडून आहे, त्यांनी तो उघडणारा संगणक जिवंत आहे तोवर हे करून घ्यावं. माझं हे अगदी कळकळीचं सांगणं आहे.

पुण्याच्या प्रतीसाठी बोर्ग की रेस्टिक, यावर मी बरेच दिवस घालवले. दोन्ही मुक्त. दोन्ही फाइलींचे तुकडे पाडतात, सारखा तुकडा दुसऱ्यांदा ठेवत नाहीत, आणि एन्क्रिप्ट करून, म्हणजे परवलीच्या शब्दाशिवाय वाचता येणार नाहीत असे, ठेवता येतात. बोर्ग मला जास्त भावलं होतं. घेतलं रेस्टिक, कारण बोर्ग विंडोजवर सरळ चालत नाही. माझ्या भावाकडे विंडोज आहे, आणि मी नसताना प्रत उघडायची वेळ आली तर ती त्याच्यावर येणार. रेस्टिक म्हणजे एकच फाइल. विंडोज, मॅक, लिनक्स, सगळीकडे चालते. त्याला स्वतःच्या खिडक्या-बटणं नाहीत, आज्ञा लिहाव्या लागतात. त्या मी कागदावर लिहून भावाला दिल्या आणि त्याच्याकडून एकदा करवूनही घेतल्या. पुण्याच्या इंटरनेट कनेक्शनला जास्तीचे पैसे भरून कायमचा पत्ता घेतला, म्हणजे सांगलीच्या संगणकाला तो रोज सापडेल, माझ्या जुन्या लॅपटॉपला मोठी डिस्क जोडली. पहिली प्रत २०० जीबीच्या पुढे होती, ती सांगलीच्या इंटरनेटवरून पाठवण्यात अर्थ नव्हता. डिस्कच एसटीने नेली आणि आणली. त्यानंतर रोज रात्री फक्त बदल येतो.

सांगलीतली डिस्क उघडी आहे, पुण्यातली कुलूपबंद. यावर आमच्यात बोलणं झालं होतं. सांगलीची प्रत कुणालाही वाचता यावी, शेजारच्या मुलालाही, हे मला हवं होतं. पुण्याची प्रत तारेवरून जाते, तिच्यात लोकांचे जन्म, आजार, भांडणं आहेत. ती बंदच हवी. पण रेस्टिकचा परवलीचा शब्द हरवला तर प्रत असून नसल्यासारखी. तो परत मिळवून देणारं कुणी नाही, तसं कुणी असू नये अशीच त्याची रचना आहे. मग परवलीचा शब्द काय ठेवायचा? कागद भिजतो, फोन बदलतो, अण्णा विसरतात. आई म्हणाली, "मी लग्नात घेतलेला उखाणा ठेव. तो मी मरेपर्यंत विसरणार नाही." तिने स्वतः रचलेला उखाणा आहे, घराबाहेर फारसा कुणाला माहीत नाही. रोमन अक्षरांत लिहिला, कारण कोणत्या संगणकावर कोणता मराठी कीबोर्ड असेल सांगता येत नाही. कुठल्या शब्दाला 'ए' एक आणि कुठे दोन, ते ठरवून कागदावर लिहिलं. एक कागद बँकेच्या लॉकरमध्ये, एक भावाकडे. पण खरी किल्ली आईजवळ आहे, आणि तिला त्याचा अभिमान आहे.

जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी वाढलं. अण्णांचा सकाळी फोन आला. तब्येत नाही, सामान नाही, पहिला प्रश्न: "काल रात्रीचं पुण्यात पोचलं का?" मी पाहिलं. पोचलं होतं. "मग आम्ही निघतो," म्हणाले. डिस्क या वेळी औषधांच्या डब्याशेजारी पिशवीत होती. संगणकही घेतला नाही, टेबलावरच ठेवून गेले.

पोचलं होतं, पण उघडलं असतं का? याची धास्ती मला त्यानंतर लागली. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याकडून चालू डेटाबेस पुसला गेला. त्यांच्याकडे प्रती ठेवायच्या पाच पद्धती होत्या, आणि ऐन वेळी कळलं की एकही धड चालत नाही. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत होती म्हणून निभावलं. त्यांनी ते सगळं जगाला उघड सांगितलं, त्याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे. पोटापाण्यासाठी हेच काम करणाऱ्यांचं असं झालं, तर आम्ही न उघडलेल्या डिस्कवर कशाच्या जोरावर विसंबायचं?

तेव्हापासून खंडेनवमी हा आमच्या घरी रिस्टोअरचा, म्हणजे प्रतीतून फाइल परत काढून पाहण्याचा, दिवस आहे. त्या दिवशी संगणक पुसायचा असतोच, त्याला हळद-कुंकू आणि झेंडूचं फूल वाहायचं असतंच. त्याआधी अण्णा बसतात. कोणती फाइल काढायची हे आई चिठ्ठी उचलून ठरवते. एक सांगलीच्या डिस्कवरून, एक पुण्याहून. पुण्याची काढताना मी फोनवर असते, आई उखाणा सांगते, अण्णा एका बोटाने टंकतात. मुद्रण असेल तर शेवटपर्यंत ऐकायचं, फोटो असेल तर मोठा करून पाहायचा.

गेल्या वेळी दाजीकाकांच्या मुंजीचा फोटो निघाला. पुण्याहून उतरला, उघडला, शेजारची मजकुराची फाइलही उघडली. अण्णांनी पूर्ण नाव मोठ्याने वाचलं. शेवटच्या शब्दांवर ते थांबले. "अगं, हे विचारायचं राहूनच गेलंय," म्हणाले, आणि माझा फोन ठेवून मिरजेला लावला.